ब्लिचिंग टाकूनही पाणी पुन्हा नासतंय? संपापासून (जमिनीखालच्या टाकीपासून) शेवटच्या नळापर्यंत काय तपासायचं

आधी लक्षणं

- टाकीत पावडर टाकली की दोन-चार दिवस पाणी बरं असतं, मग पुन्हा वास. पुन्हा पावडर, पुन्हा वास.
- टाकीतल्या पाण्यात क्लोरीन सापडतं, पण वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या नळाला सापडत नाही.
- सकाळची पहिली बादली मातकट किंवा सडक्या अंड्याच्या वासाची. पाच मिनिटं नळ सोडला की ठीक.
- औषधाचा वास इतका की पाणी पिववत नाही, आणि किटमध्ये मात्र मोकळं क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला शिल्लक उरलेलं क्लोरीन, शून्य.
- पावडर पडली की पाणी पिवळं-तांबूस होतं आणि बादलीच्या तळाला तांबडा गाळ बसतो.
- नळाच्या जाळीला, शॉवरच्या भोकांना आतून बोट लावलं तर बुळबुळीत लागतं.
- एचटूएसची बाटली (पाण्यात मैल्याचे जंतू आहेत का हे दाखवणारी साधी चाचणी) एक-दोन दिवसांत काळी पडते. टाकी धुतली की चांगली येते, थोड्या दिवसांनी पुन्हा काळी.

यातलं काही दिसत असतानाच इमारतीतल्या दोन-तीन घरांत एकदम जुलाब-उलट्या, कावीळ किंवा टायफॉइड निघाला असेल, तर आधी पाणी पिणं बंद करा. खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या आणि मगच ते प्यायला वापरा. जवळच्या आरोग्य केंद्राला आणि पालिकेला किंवा ग्रामपंचायतीला त्याच दिवशी कळवा. खालच्या तपासण्या त्यानंतर.

पावडर जाते कुठे?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हॉस्टेलं, मंगल कार्यालयं, छोटे दवाखाने आणि अपार्टमेंटं यांच्या पाण्याची कामं मी वर्षानुवर्षं करतोय. तक्रार बहुतेक ठिकाणी एकच. वॉचमन म्हणतो, "काका, परवाच पावडर टाकली की हो!" आणि तो खोटं बोलत नसतो, पावडर खरंच टाकलेली असते. पण लोह, अमोनिया, गाळ, शेवाळ आणि पाइपच्या आतला बुळबुळीत थर ही मंडळी पहिल्या पंगतीलाच बसलेली असतात. वाढपी जंतूंपर्यंत पोचतो तेव्हा भांडं रिकामं झालेलं असतं. म्हणून नुसता डोस वाढवत नेल्यानं हा बिघाड जात नाही. क्लोरीन कोण खातंय ते शोधावं लागतं, आणि ते शोधायला सुरुवातीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

आपल्या भागात हे जास्त होतं, त्याला कारण आहे. बेळगाव शहरात मार्कंडेय नदीवरच्या राकसकोपचं आणि घटप्रभेवरच्या हिडकलचं पाणी येतं. शहराच्या काही भागांत २००८ पासून चोवीस तास पाणी सुरू झालं, पण बाकीच्यांना वर्षानुवर्षं ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळीच पाणी मिळत आलंय. त्यामुळे घरटी संप. त्या संपात नळाचं पाणी, वर परसातल्या विहिरीचं किंवा बोअरचं, आणि मे महिन्यात टँकरचं. या प्रत्येक पाण्याची क्लोरीनची भूक वेगळी असते. खानापूरकडच्या जांभ्या मातीतलं पाणी आणि अथणी-रायबागकडचं काळ्या रानातलं जड बोअरचं पाणी एकाच मापानं कसं शुद्ध होणार? 'आठवड्याला वाटीभर पावडर' हा हिशेब म्हणूनच फसतो.

१. आधी मोजा

क्लोरीन मोजायची साधी पेटी, जिला ग्रामपंचायतीत क्लोरोस्कोप म्हणतात, काही शे रुपयांत मिळते. जुन्या पेट्यांत ऑर्थोटोलिडीनचे थेंब असतात, पाणी पिवळं होतं. हे रसायन अंगाला लागणं चांगलं नाही आणि तपासलेलं पाणी पुन्हा टाकीत ओतायचं नाही. नवी पेटी घेणार असाल तर डीपीडी गोळीची घ्या, तिच्यात पाणी गुलाबी होतं.

दोन खाचाखोचा लक्षात ठेवा. ऑर्थोटोलिडीनमध्ये थेंब टाकल्याबरोबर, दहा सेकंदांच्या आत जो पिवळा रंग येतो तो मोकळ्या क्लोरीनचा. नंतर हळूहळू गडद होत जातो तो अमोनियाशी बांधलेल्या क्लोरीनचा, आणि ते जंतू मारायला फार कमकुवत असतं. बरेच जण पेटी बाजूला ठेवून पंधरा मिनिटांनी येऊन बघतात आणि 'भरपूर क्लोरीन आहे' म्हणून वहीत लिहितात. डीपीडीचा घोळ उलटा आहे. क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग उमटतो आणि लगेच उडतो, त्यामुळे पाणी स्वच्छ दिसतं आणि आपण शून्य समजतो. शंका आली तर नमुन्यात क्लोरीन नसलेलं शुद्ध पाणी मिसळून पुन्हा तपासा.

किती असावं? पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० सांगतं की मोकळं क्लोरीन लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम असावं, १ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. विषाणूंच्या साथीची भीती असेल तेव्हा निदान ०.५. हा आकडा टाकीतला नव्हे, माणूस जिथे ग्लास भरतो तिथला धरा. पावडर टाकल्यावर निदान अर्धा तास थांबून मोजा.

तीन ठिकाणी मोजा: संपात पाणी येतं तिथे, वरच्या टाकीच्या बाहेर पडणाऱ्या पाइपला, आणि टाकीपासून सगळ्यात लांबच्या नळाला. टाकीतच शून्य असेल तर पावडर, हिशेब किंवा पाणी यांपैकी एकात खोट आहे. टाकीत ठीक आणि शेवटी शून्य असेल तर संशय पाइपांवर.

संशय पक्का करायला मी एक फुकटची परीक्षा करतो, आणि पुढचा सगळा खर्च तिच्यावरून ठरवतो. टाकीतलं क्लोरीन असलेलं पाणी एका स्वच्छ धुतलेल्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, बूच घट्ट लावा आणि अंधाऱ्या कपाटात ठेवा. भरताना आकडा लिहून ठेवा. सकाळी उठल्यावर कोणी नळ सोडायच्या आत शेवटच्या नळाचं पाणी मोजा आणि बाटलीतलंही मोजा. बाटलीत क्लोरीन बऱ्यापैकी टिकलंय आणि नळाला नाही, तर ते पाइप खातायत. बाटलीतलंही उडालं असेल तर पाणीच खातंय, पाइपला दोष देऊ नका. पाइप खात असतील तर चौथ्या मुद्द्यापर्यंत जाऊन थेट सहावा वाचा, पाणी खात असेल तर पाचवा. ही परीक्षा न करता लोक अख्खी पाइपलाइन बदलून बसलेले मी पाहिलेत, आणि पाणी तसंच राहिलं.

२. पावडर जिवंत आहे का?

ब्लिचिंग पावडर, म्हणजे आपल्याकडची टीसीएल, ताजी असताना तिच्यात सुमारे ३३ टक्के कामाचं क्लोरीन असतं. पोतं उघडं राहिलं, दमट हवा लागली की ते उतरत जातं. आपल्याकडचा पावसाळा माहीत आहेच, जूनमध्ये उघडलेलं पोतं ऑगस्टमध्ये नुसता चुना झालेलं असू शकतं. ढेकळं झालेली, ओलसर, नाकाला न झोंबणारी पावडर टाकून द्या. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, कोरड्या अंधाऱ्या जागी आणि एक-दोन महिन्यांत संपेल एवढीच ठेवा. लोखंडी डबा गंजतो, तो नको. द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट वापरत असाल तर कॅनवरची तारीख पाहा. गच्चीवर उन्हात ठेवलेला कॅन फार लवकर मरतो. कपडे पांढरे करायचं वासाचं ब्लीच पिण्याच्या पाण्यात कधीच नको.

पावडर थेट टाकीत भिरकावू नका. तिच्यातला चुना तळाशी बसतो आणि थोडं क्लोरीन त्याच्यातच अडकतं. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्या, त्यात पावडर टाका, लाकडी काठीनं ढवळा, निवू द्या आणि वरचं स्वच्छ पाणी तेवढं टाकीत ओता. हे मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, तोंडा-नाकाला कापड बांधून करा.

हिशेब असा. १०,००० लिटरच्या संपाला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं तर एकूण २० ग्रॅम क्लोरीन लागतं. पावडर ३३ टक्क्यांची असेल तर साधारण ६० ग्रॅम, २५ टक्क्यांवर उतरली असेल तर ८० ग्रॅम. १० टक्क्यांच्या हायपोक्लोराइटचे १० मिलिलिटर १,००० लिटरला १ मिलिग्रॅमचा डोस देतात. विहिरीसाठी व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४ भागिले ४, सगळं मीटरमध्ये, आणि उत्तराला हजारानं गुणलं की लिटर. तीन मीटर व्यासाची, चार मीटर पाणी असलेली विहीर म्हणजे सुमारे २८,००० लिटर. चांगल्या पावडरीचं १,००० लिटरला २.५ ग्रॅम हे जुनं माप धरलं तर तिला ७० ग्रॅम लागतात. पण हे माप स्वच्छ पाण्याचं आहे. पावसाळ्यात विहीर गढूळ झाली की ते अपुरं पडतं.

नेमकं किती लागतं हे पाण्यालाच विचारायचं. आरोग्य खात्याकडे यासाठी हॉरॉक्सची पेटी असते, सहा पांढरे कप आणि एक काळा. घरी बादल्यांवर भागतं. २५ टक्के धरून ४० ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात कालवा आणि निवळू द्या, ते झालं एक टक्क्याचं द्रावण. पाच बादल्यांत प्रत्येकी २० लिटर तपासायचं पाणी घ्या. त्यांत या द्रावणाचे १, २, ४, ६ आणि ८ मिलिलिटर टाका. १ मिलिलिटर म्हणजे त्या बादलीत लिटरला अर्धा मिलिग्रॅम. ढवळून, झाकून अर्धा तास ठेवा आणि प्रत्येक बादलीतलं मोकळं क्लोरीन मोजा. ज्या बादलीत ०.५ उरलं, तो तुमच्या पाण्याचा आजचा डोस. आजचा म्हणतो, कारण टँकर बदलला, पाऊस लागला, बोअरची पातळी उतरली की आकडा बदलतो. पाचही बादल्यांत काहीच उरलं नाही, तर पावडर वाढवू नका. ते पाणी काहीतरी वेगळं सांगतंय.

३. डोळ्यांनी दिसणाऱ्या वाटा

बॅटरी घेऊन संपापासून टाकीपर्यंत एक फेरी मारा. संपाचं झाकण जमिनीच्या बरोबरीला आहे का? असेल तर अंगण धुतलेलं पाणी थेट आत. बेळगावातल्या जुन्या गल्ल्यांत संप आणि ड्रेनेजचा चेंबर कधी कधी हातभर अंतरावर असतात, मधल्या भिंतीला ओल आहे का बघा. ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी नसेल तर पाली-झुरळं आणि उंदीर येतात. गच्चीवरच्या टाकीचं झाकण माकडांनी सरकवलेलं किंवा वाऱ्यानं उडालेलं असतं आणि महिनोन्‌महिने कोणी वर गेलेलं नसतं. ऊन आत शिरलं की शेवाळ धरतं आणि क्लोरीनही उडतं. रोज नवी घाण आत येत असेल तर कुठलाच डोस टिकणार नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी ही फेरी.

बिघाड फक्त नळाला पाणी येण्याच्या दिवशीच होत असेल तर तेही लिहून ठेवा. पाणी बंद असताना लाइन रिकामी होते आणि फुटक्या जोडांतून आजूबाजूच्या गटाराचं पाणी ओढून घेते. पुन्हा पाणी सुटलं की ते आधी तुमच्या संपात. नळाला थेट मोटर लावली असेल तर हे ओढणं आणखी वाढतं. त्यानं तुमच्याबरोबर शेजाऱ्याचंही पाणी नासतं, तेव्हा ती मोटर काढाच. पाणी सुटल्यावर सुरुवातीची काही मिनिटं ते बाहेर सोडा, निवळ झाल्यावरच संपाचा कॉक उघडा. शेजारच्या घरांतही तीच तक्रार असेल तर दोष तुमच्या इमारतीत नाही. वॉलमनला (पाणी सोडणाऱ्याला) सांगा, आणि पालिकेला लेखी द्या.

४. गाळ काढल्याशिवाय औषध नको

जंतू गाळाच्या कणांत दडतात, तिथपर्यंत क्लोरीन पोचतच नाही. गढूळ पाणी आधी तुरटीनं निवळू द्या, वरचं पाणी वेगळं काढा, मग क्लोरीन. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेच्या पुरानंतर मैलापाणी शहराच्या पाण्याच्या वाटेत शिरलं होतं. क्लोरीनचा डोस वाढवला, टायफॉइड-हगवणीचं प्रमाण वाढलं नाही, पण सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. मैला पाण्यात आला असेल तर औषध वाढवून निर्धास्त व्हायचं नाही, हे त्या साथीनं दाखवलं.

टाकी धुताना पाणी पूर्ण काढा, कडा आणि तळ ब्रशनं घासा, गाळ उपसून बाहेर टाका. ॲसिड वापरू नका. ब्लिचिंग आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो बंद जागेत माणूस मारू शकतो. संडास धुवायच्या लिक्विडातही ॲसिडच असतं. जलतरण तलावाच्या गोळ्या ब्लिचिंगच्या डब्यात किंवा त्याच ओल्या मापात कधी टाकू नका, त्यातल्या काही रसायनांची ब्लिचिंगशी गाठ पडली की आग लागते, स्फोटही होतो.

घासून झाल्यावर टाकी भरून मोठा डोस द्या, लिटरला ५० मिलिग्रॅम. १,००० लिटरला ताज्या पावडरीचे १५० ग्रॅम, उतरलेल्या पावडरीचे २०० ग्रॅम. मग प्रत्येक मजल्यावरचा प्रत्येक नळ, शॉवर आणि फ्लश औषधाचा वास येईपर्यंत उघडा आणि बंद करा. लोक टाकी धुतात आणि इथेच थांबतात, म्हणून पंधरा दिवसांत सगळं परत येतं. पाइपात औषध गेलंच नाही तर पाइपातला थर तसाच राहतो. त्याआधी फिल्टर आणि आरओ मशीन लाइनपासून तोडा, त्यांच्या आतल्या जाळ्या या डोसला टिकत नाहीत. रात्रभर तसंच ठेवा. प्रत्येक दारावर चिठ्ठी लावा, पाणी पिऊ नये आणि अंगावर घेऊ नये म्हणून. घरात लहान मूल किंवा डायलिसिसवरचा रुग्ण असेल तर तोंडी जाऊन सांगा. सकाळी सगळं सोडून द्या आणि किटमध्ये १ मिलिग्रॅमच्या खाली येईपर्यंत धुवा. हे पाणी तळ्यात, ओढ्यात किंवा झाडांना सोडू नका.

संपात उतरायचं असेल तर थांबा. बंद संपात प्राणवायू कमी असू शकतो, आणि क्लोरीन वायू हवेपेक्षा जड असल्यानं खालीच साचून राहतो. मोठा संप असेल तर हे काम साधनं आणि वर उभा माणूस असलेल्या लोकांनीच करायचं. कुणी आत बेशुद्ध पडलं तर त्याला काढायला दुसऱ्यानं उडी मारू नये, अग्निशमन दलाला बोलवावं.

५. पाणीच क्लोरीन खात असेल तर

पावडर टाकल्यावर पाणी तांबूस होणं ही लोहाची खूण. जांभ्या भागातल्या विहिरी-बोअरमध्ये हे नेहमीचं आहे. लोहाच्या प्रत्येक मिलिग्रॅमला सुमारे ०.६४ मिलिग्रॅम क्लोरीन लागतं, जंतूंचा नंबर त्यानंतर. यावर पावडर ओतत राहणं म्हणजे पैसे आणि गाळ दोन्ही वाढवणं. पाणी आधी उंचावरून फवाऱ्यासारखं पाडा म्हणजे हवा लागेल, गाळ बसू द्या, वाळूच्या फिल्टरमधून काढा आणि मग औषध द्या. सडक्या अंड्याचा वास पाण्यालाच असेल, म्हणजे बोअरमधून काढल्या काढल्या येत असेल, तर हायड्रोजन सल्फाइड लोहाहून किती तरी जास्त क्लोरीन खातं. तिथेही हवा देणं हाच पहिला उपाय.

सगळ्यात फसवी गोष्ट अमोनियाची. वास भरपूर, मोकळं क्लोरीन शून्य. लोक म्हणतात औषध जास्त झालं आणि डोस कमी करतात. खरं तर क्लोरीन अमोनियाशी बांधलं गेलेलं असतं आणि तो वास त्याचाच असतो. मोकळं क्लोरीन उरायला अमोनियातल्या नायट्रोजनच्या आठ-दहा पट क्लोरीन द्यावं लागतं, आणि तिथपर्यंत जाताना वास आधी वाढतो, मग उतरतो. पण मी कुणालाही आकडे गाठत बसा असं सांगत नाही. विहिरीत अमोनिया आला याचा अर्थ बहुतेक वेळा जवळचा शोषखड्डा, सेप्टिक टँक किंवा गोठ्याचं पाणी झिरपतंय. ते थांबेपर्यंत ती विहीर पिण्यासाठी बंद ठेवा. मन मोडतं, आजोबांनी खणलेली विहीर असते, पण पाणी कुणाच्या आठवणी जाणत नाही.

अथणी-चिकोडीकडच्या काही बोअरांत सामू (पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप) जास्त असतो. सामू ७.५ असताना क्लोरीनचा जवळपास अर्धा भाग जंतू मारणाऱ्या जोरकस रूपात असतो. ८.५ ला तो एक दशांशाच्या आसपास येतो. किट दोन्हीकडे तोच आकडा दाखवतं, काम मात्र मंदावतं. तिथे अर्ध्या तासाऐवजी जास्त वेळ द्या, म्हणजे औषध रात्री टाकून पाणी सकाळी वापरा.

६. पाइप, बंद खोल्या आणि गरम पाणी

बाटलीत क्लोरीन टिकलं आणि नळाला नाही, तर आतला थर खातोय. असा थर सगळ्यात जाड कुठे होतो? जिथे पाणी हलत नाही तिथे. मंगल कार्यालयात दोन मुहूर्तांच्या मधले रिकामे आठवडे, मे महिन्यात सुटीवर गेलेलं हॉस्टेल, अपार्टमेंटमधला पुण्याला राहणाऱ्या मालकाचा बंद फ्लॅट, जुना नळ काढून बूच मारलेला पाइपचा तुकडा. त्या तुकड्यात पाणी वर्षानुवर्षं तसंच असतं आणि तिथून जंतू सगळ्या लाइनीत परत पेरले जातात. असे तुकडे मुळापासून कापायला लावा. प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि औषधाच्या अनेक पोत्यांहून जास्त उपयोगाचं. बंद खोल्यांतले नळ आठवड्यातून एकदा काही मिनिटं सोडा. कार्याच्या आधी सगळी लाइन धुऊन शेवटच्या नळाला क्लोरीन मोजा, मग आचाऱ्याला पाणी द्या. शॉवर आणि नळाच्या जाळ्या काढून घासा. जुना रबरी पाइप जोडणीत असेल तर बदला, त्याला थर लवकर धरतो.

गरम पाण्याचं वेगळं बघावं लागतं, कारण क्लोरीन गरम पाण्यात फार काळ राहत नाही. सोलरच्या टाकीत पावसाळ्याच्या ढगाळ दिवसांत पाणी कोमट राहतं, तीस-चाळीस अंशांवर. लेजिओनेला नावाच्या जंतूला हेच लागतं. २० ते ४५ अंशांत तो वाढतो. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात जमलेल्या माणसांना त्यानं न्यूमोनिया दिला आणि पुढच्याच वर्षी तो ओळखला गेला. हा जंतू पिऊन नव्हे, शॉवरचे बारीक तुषार श्वासातून आत गेल्यानं बाधतो. म्हातारी माणसं, सिगारेट-विडी ओढणारे, मधुमेह किंवा दम्याचे रुग्ण यांना धोका जास्त. साठवलेलं गरम पाणी ६० अंशांवर आणि नळाला निदान ५० अंशांवर पोचावं, ही त्याला आवर घालायची रीत. ढगाळ दिवसांत सोलरचा वीजेचा कॉइल लावून टाकी ६० पर्यंत न्या. पण ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, म्हणून मुलं आणि म्हातारी माणसं असलेल्या ठिकाणी नळाजवळ थंड-गरम मिसळणारा व्हॉल्व हवाच.

इथे हात थांबवा

पुढच्या गोष्टी दिसल्या तर स्वतः काही करू नका.

दवाखाना, डायलिसिस केंद्र, वृद्धाश्रम किंवा पाळणाघर असेल तर मोठा डोस, पाइप निर्जंतुक करणं आणि गरम पाण्याचं काम जलशुद्धीकरणाच्या जाणकार इंजिनिअरकडूनच करून घ्या. डायलिसिसच्या यंत्रात क्लोरीन किंवा क्लोरामाइन (अमोनियाशी बांधलेलं क्लोरीन) गेलं तर रुग्णाच्या रक्तपेशी फुटतात. तिथे अंदाज चालत नाही.

संपाच्या भिंतीतून ओल किंवा मैल्याचा वास येत असेल तर औषधाचा विषय संपला. आधी स्थापत्याचं काम, ड्रेनेज हलवणं किंवा संप नवा बांधणं.

इमारतीत एकाहून जास्त जणांना शॉवर वापरल्यानंतरच्या दिवसांत ताप, खोकला, न्यूमोनिया झाला तर गरम पाणी बंद करा, डॉक्टरांना लेजिओनेलाची शक्यता सांगा आणि आरोग्य खात्याला कळवा. टाकी धुवायची घाई नको, नमुने आधी घेतले गेले पाहिजेत.

पावडर कालवताना कुणाला डोळे झोंबणं, खोकला आणि श्वास अडकणं सुरू झालं तर त्याला मोकळ्या हवेत न्या आणि थेट दवाखाना गाठा. तासाभरानं बरं वाटलं म्हणून घरी पाठवू नका, फुप्फुसाचा त्रास कधी कधी उशिरा वाढतो.

आणि वरच्या सगळ्या तपासण्या नीट करूनही, टाकी धुतल्यावर, पाइपात औषध फिरवल्यावर, शेवटच्या नळाला आठवडाभर ०.२ टिकत नसेल तर प्रयोगशाळा. ग्रामीण पाणीपुरवठा खात्याच्या किंवा आरोग्य खात्याच्या जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. बाटली त्यांच्याकडूनच घ्या, तिच्यात क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट असतं. घरच्या बाटलीत नेलं तर वाटेतच क्लोरीन जंतू मारतं आणि अहवाल खोटा चांगला येतो. नळाचं तोंड पुसून पाणी सोडा, बाटली भरून बर्फाच्या डब्यात ठेवा आणि शक्यतो सहा तासांच्या आत पोचवा. जीवाणूंबरोबर लोह, अमोनिया, सामू आणि गढूळपणा हेही तपासायला सांगा, नाहीतर फक्त 'अयोग्य' एवढंच लिहून येतं आणि कारण कळत नाही. अहवाल कन्नड किंवा इंग्रजीत येईल. ई. कोलायची, म्हणजे मैल्यातून येणाऱ्या जंतूची, ओळ शोधा. १०० मिलिलिटरमध्ये एकही सापडता कामा नये. ती ओळ वाईट असेल आणि अमोनियाही जास्त असेल तर पाण्यात मैला येतोय असं धरून इंजिनिअरला बोलवा, आणि त्याला तुमच्या वहीतले तीन ठिकाणचे आकडे, बाटलीच्या परीक्षेचा निकाल व पावडर टाकल्याच्या तारखा दाखवा. काम संपवून तो जाईल तेव्हा शेवटच्या नळाचं क्लोरीन तुमच्यासमोर मोजून वहीत लिहून घ्या, आणि आठवड्यानं त्याच नळाला पुन्हा मोजायला त्याला येऊ द्या. उरलेले पैसे त्यानंतर द्या.